आबांचं पदक आणि माझी छाती

माझ्या लग्नात आबांचं पदक छातीवर लावून घ्यायला मी नकार दिला. मूर्खपणाच केला.

राहूतल्या आमच्या वस्तीची रीत होती. नवरदेव कुणाच्याही घरचा असो, मनगटावर घड्याळ मास्तरांचं आणि छातीवर पदक धोंडिबा आबांचं. देश स्वतंत्र झाल्याबरोबर काश्मीरच्या डोंगरात जी लढाई जुंपली, तिच्यात आबांना ते मिळालेलं. एरवी ते तंबाखूच्या डबीत, फडक्यात गुंडाळून पडलेलं असे. आबा स्वतः कधी लावत नसत, झेंडावंदनालासुद्धा. पण वस्तीत लग्न निघालं की आदल्या दिवशीच राखेनं घासायला बसत. बुद्धवंदना सुरू व्हायच्या आधी नवरदेवाला भिंतीशी उभा करत आणि पांढऱ्या सदऱ्यावर पदक टाचता टाचता हुकूम सोडत, "छाती काढ. आजून. नवरीकडचे बघतेत."

मी आबांवर जळायचो. शेजारी राहून दुसरं करणार काय? मी दौंडच्या कचेरीत कारकून, वस्तीत टेरिकॉटची पँट घालणारा पहिला माणूस. तरी केडगाव स्टेशनावर उतरलो की टांगेवाला विचारायचा, "आबांच्या शेजारचे ना तुम्ही?" मला बघून एसटी वेग वाढवायची, आबांनी नुसती काठी आडवी धरली की थांबायची, वर कंडक्टर उठून जागा द्यायचा. आमची म्हैस, आमची वैरण खाणारी, मी ओढली तर जागची हलायची नाही. आबा ओट्यावरनं पलटणीतल्या कवायतीसारखं "तेज चल" म्हणाले की गोठ्याकडं निघायची आणि "थम" म्हणाले की थांबायची.

बरं, पराक्रम ऐकावा तर तोही नाही. किती खोदून विचारलं तरी उत्तर एकच, "थंडी लई हुती." थंडीवर पदक मिळत असतं, तर पहाटेच्या गाडीसाठी फलाटावर कुडकुडणाऱ्या मला केव्हाच मिळालं असतं.

शिरूरचे लोक मला बघायला आले. माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी मला नाव विचारलं, आणि मग शेजारी मेडलवाले आबा राहतात हे कळल्यावर सगळी मंडळी आबांच्या ओट्यावर गेली ती चहालाच परत आली. तेव्हाच मी मनाशी ठरवलं.

लग्नाच्या सकाळी आबा डबी घेऊन आले. मी पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं, "आबा, दुसऱ्याच्या शौर्यावर मला मिरवायचं नाही."

आबांचा हात डबीच्या झाकणावरच थांबला.

"बरं," ते म्हणाले. डबी खिशात टाकली आणि मांडवात पार मागं जाऊन बसले. पण शिरूरकर ऐकतात होय? त्यांनी आबांना उचलून पुढं आणलं. आमच्या लग्नाच्या एकुलत्या एक फोटोत मधोमध आबा आहेत, शेजारी नवरी, म्हणजे सुमन आहे, आणि कडेला माझा एक कान आणि अर्धा हार आला आहे.

लग्नानंतर सुमन रोज आबांना भाकरी नेऊन देऊ लागली. टम्म फुगलेली आबांना, करपलेली मला. दोनतीन वर्षं मी हे सोसलं. मग एकदा म्हणालो, "एवढ्या भाकऱ्या नेतेस, तर विचार की त्यांना, लढाईत केलं तरी काय?"

तिनं ते विचारलंच नाही. तिनं विचारलं, "आबा, तुम्ही लग्न का नाही केलं?"

वस्तीत हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

परत आली ती थेट चुलीशी बसली. मी जेवायला बसलो तेव्हा तव्याकडं बघतच बोलली, "त्यांचा एक जोडीदार होता, सखाराम. आमच्या शिरूरकडचाच. लग्न ठरलेलं, सुट्टी मिळायचीच काय ती राहिलेली. बर्फात हातपाय गारठले की आबा त्याला नवरदेव करून उभा करायचे. छाती काढ, नवरीकडचे बघतेत, म्हणायचे. हसून हसून ऊब यायची म्हणे."

"मग?"

"मग काय. दोघं डोंगर चढले. उतरताना तो आबांच्या पाठीवर होता. गेलेला." तिनं भाकरी उलटली. "आबा म्हणाले, त्याचं ऱ्हायलं आन् मी कसा बोहल्यावर चढू? पदक त्याचंबी हाय. म्हणून वस्तीतल्या दर लग्नात त्याला उभा करून आणतो."

मी घास ताटात परत ठेवला.

"आपल्या लग्नात त्याला डबीतच ठेवलंत तुम्ही," ती म्हणाली, आणि त्या दिवशी मला करपलेली भाकरीसुद्धा वाढली नाही.

रविवारी मी ट्रंकेतनं लग्नातला सदरा काढला. मधली बटणं लागेनात, तरी लावली. सुमनला घेऊन आबांच्या ओट्यावर गेलो आणि भिंतीशी उभा राहिलो.

"आबा, पदक लावा."

आबांनी माझ्याकडं पाहिलं, सुमनकडं पाहिलं. डबी काढली. पदक लखलखीतच होतं, तरी चुलीतली राख घेऊन पुन्हा घासलं. टाचताना पिन मला टोचली.

"सख्या, हे एक ऱ्हायलं हुतं बघ," आबा पदकाला हळूच म्हणाले.

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्या सखारामचाही हेवा वाटला. मी गेल्यावर माझ्याशी असं कोण बोलणार? कचेरीतलं तर कुणीच नाही. डोळे भरून आले, ते दिसू नयेत म्हणून मी श्वास रोखला आणि होतं नव्हतं तेवढं सगळं पुढं काढलं.

आबा दोन पावलं मागं सरले. बाहीनं डोळे पुसले आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"छाती काढ म्हणलं मी, रम्या. हे प्वाट हाय."