स्वयंपाकघरावर रोखलेल्या तोफा

गेली दोन-तीन वर्षं आमच्या स्वयंपाकघरावर डझनभर रणगाड्यांच्या तोफा रोखलेल्या आहेत. रणगाडे वीतभर लांबीचे आहेत आणि शेजारच्या वामनभाऊंच्या खिडकीतल्या फळीवर उभे आहेत, ही गोष्ट वेगळी. त्यांची तोंडं रस्त्याकडे, पण नळ्या मात्र एकजात बाजूला वळवलेल्या, थेट आमच्या गॅसच्या शेगडीवर. बायको सुरुवातीला पोळ्या लाटताना अस्वस्थ व्हायची. "आपण त्यांचं काय वाकडं केलंय हो?" असं मला विचारायची.

वामनभाऊ रामटेके निवृत्त एसटी ड्रायव्हर. मी बदली होऊन गोंडपिपरीला आलो आणि नशिबाने त्यांच्या शेजारचं घर मिळालं. सिरोंच्यापर्यंतचा प्रत्येक खड्डा त्यांच्या कमरेला पाठ आहे. त्यांचा एकुलता एक मुलगा, सिद्धार्थ, सैन्यात रणगाडा चालवतो. "बाप ड्रायव्हर, पोरगा बी ड्रायव्हरच निंगाला," हे भाऊ कुठल्याही विषयात कुठूनही आणू शकतात. पोरगा सध्या कुठे आहे हे मात्र त्यांनाही ठाऊक नसतं. तो सांगत नाही आणि भाऊ विचारत नाहीत.

रशिया-युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि भाऊंच्या मोबाइलवर रोज जळणारे रणगाडे दिसायला लागले. त्यातले कितीतरी सिद्धार्थच्या रणगाड्याच्याच जातीचे. शांताबाईंनी, म्हणजे भाऊंच्या बायकोने, तो मोबाइल पाहायचं सोडून दिलं. भाऊंनी पाहणं सोडलं नाही, पण एके सकाळी बांबूची कांब आणि करवतीचं पातं घेऊन ते ओट्यावर बसले, ते बसलेच.

काय हात आहे त्या माणसाचा! ज्या हाताने आयुष्यभर एसटीचं स्टीअरिंग ओढलं, तो हात तांदळाएवढा दिवा बसवतो आणि जराही थरथरत नाही. अंग बांबूचं आणि पत्र्याचं, पट्टे जुन्या चपलेच्या रबराचे. ड्रोनपासून बचाव म्हणून तिकडे रणगाड्यांवर जाळीचे पिंजरे बसवतात, तसला पिंजराही भाऊंच्या गाडीवर असतो. त्यासाठी घराची मच्छरजाळी कापली गेली. नळीसाठी छत्रीची काडी. "माह्या दोन छत्र्या गेल्या, कुकरची शिट्टी गेली," शांताबाई माझ्या बायकोला सांगत होत्या. "आता घरात मीच तेवढी साबूत राह्यली, बाई."

चिखलावरून तर मला थेट वरोऱ्याला पिटाळलं होतं. म्हणजे मी ऑफिसच्या कामाने जाणारच होतो. "साहेब, युक्रेनची माती आपल्या वरोऱ्यावानी काळी हाय. पिशवीभर घेऊन या. इथची लाल माती लावली तर गाडी खोटी दिसते." मी खरोखरच पिशवीभर माती घेऊन बसमध्ये बसलो. ती माती पट्ट्यांना लागली तेव्हा मी गुडघे टेकून, डोळे फळीच्या पातळीवर आणून पाहिलं, आणि माझ्या अंगावर काटा आला. त्या वीतभर लोखंडात माणसं बसली आहेत असं वाटलं.

आत खरोखर सीट असते. भाऊ सगळ्यात आधी ती बनवतात. मग तिच्याभोवती रणगाडा चढवतात आणि वरचा पत्रा बसला की ती कुणालाच दिसत नाही. "दिसत नाई म्हणून काय झालं?" भाऊ म्हणाले. "ड्रायव्हर का उभ्यानं जाईन?"

कुठल्याही वाहनाबद्दल त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, ड्रायव्हर कुठे बसतो. आणि सर्वोच्च प्रशस्तिपत्रकही ठरलेलं, "निंगता येते", म्हणजे बाहेर पडता येतं. मी कार घेतली तेव्हा पेढा हातात तसाच धरून ते आधी ड्रायव्हरच्या सीटवर बसले, दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. "निंगता येते," म्हणाले आणि मग पेढा खाल्ला. रंग, मायलेज, किंमत, काही नाही. नव्या मंगल कार्यालयाचं कौतुकही त्यांनी याच दोन शब्दांत केलं होतं. ही खोड त्यांना नोकरीत जडली. एकदा पुरात त्यांची बस नाल्यात कलली. पॅसेंजर मागच्या दाराने सुखरूप उतरले, पण भाऊंच्या बाजूचं दार दबलं होतं. पाणी छातीपर्यंत आलं तेव्हा कंडक्टरने काच फोडून त्यांना ओढून काढलं.

यंदा जयंतीला विहारात मुलांसाठी प्रदर्शन होतं. पंचशील घेणाऱ्या माणसाने रणगाडे मांडावेत का, यावर समितीत बरीच गरमागरमी झाली. शेवटी "माणसानं काय बनवलं थे पोट्ट्यांनी पाह्यलं पायजे" असं ठरलं आणि भाऊंच्या गाड्या टेबलावर लागल्या. अध्यक्ष टापटिपीचे. फोटोच्या आधी त्यांनी एकेक नळी बोटाने सरळ केली. सगळ्या तोफा समोर, थोड्या खाली झुकलेल्या, अगदी संचलनातल्यासारख्या.

पाणी पिऊन आलेल्या भाऊंनी ते पाहिलं. मी त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. एसटीत एवढी वर्षं काढून न चिडलेला माणूस तो!

"हात काऊन लावला?" ते ओरडले. "कोंडलं नं सगळ्यायले!"

कुणालाच काही कळेना. भाऊ एकेक नळी पुन्हा बाजूला वळवायला लागले. बोटं थरथरत होती. दाणाभर दिवा बसवणारी तीच बोटं. मी जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्यांनी एका रणगाड्याच्या पुढच्या भागावरचं इवलंसं झाकण मला दाखवलं.

"हे पाहा साहेब. ड्रायव्हर इथी, खाली, एकटा. त्याले निंगाले हे एवढंच दार. नळी समोर अन् खाली असली का झाकन अडते. उघडतच नाई. वरचे दोघं उडी मारून जातीन, अन् माहा पोरगा..." त्यांनी ती नळी बाजूला वळवली. मग म्हणाले, "बाजूले असली का मोकळं राह्यते. म्हणून मी बाजूलेच ठेवतो."

घरी आल्यावर मी हे बायकोला सांगितलं. ती खिडकीशी जाऊन बराच वेळ त्या तोफांकडे पाहत राहिली. नंतर तिने, त्या दिसू नयेत म्हणून लावलेला खिडकीचा पडदा काढून धुवायला टाकला, तो परत लावलाच नाही.

मागच्या महिन्यात सिद्धार्थ न कळवता सुट्टीवर आला. उंच, उन्हाने रापलेला, बापासारखाच कमी बोलणारा. भेटायला म्हणून मी गेलो, तर तो खिडकीपाशी उभा होता आणि भाऊ त्याच्या मागे, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखे. ही सगळी फौज त्याने पहिल्यांदाच पाहिली होती. आधीच्या सुट्ट्यांत भाऊंनी ती माळ्यावर लपवली होती, फोनवरही कधी सांगितलं नव्हतं आणि शांताबाईंनाही सांगू दिलं नव्हतं.

बाजूला वळलेल्या नळ्यांवरून पोराची नजर फिरली आणि त्याला समजलं असावं, कारण तो एकदम खाली वाकला. पहिल्या रणगाड्याचं झाकण त्याने नखाने उचललं, करंगळी आत घालून सीटपर्यंत नेली आणि बाहेर काढली. मग दुसऱ्याचं झाकण, मग तिसऱ्याचं. फळीच्या टोकापर्यंत तो असाच एकेक झाकण उघडत गेला.

"बाबा," तो म्हणाला, "निंगता येते."

भाऊंनी नुसती मान हलवली आणि पोराच्या पाठीवर हात ठेवला. शांताबाई चहा घेऊन आल्या तरी तो हात तिथेच होता.