धनुष्याचं अस्तर

लाकडाची पारख असावी तर माझ्यासारखी! फळीवर नुसती टिचकी मारली, की तिची सात पिढ्यांची माहिती सांगतो मी. हे मीच म्हणतो, कारण घरात दुसरं कोणी म्हणत नाही.

लेक सात महिन्यांनी येणार होती. तीही दोनच दिवस! नोकरीला लांब गेल्यापासून तिचा फोन रविवारी यायचा आणि माझ्या हातात येईपर्यंत आईशी बोलून संपायचा. घर खायला उठायचं. तिच्या रिकाम्या खोलीत जाऊन मी उगाच पंखा लावून यायचो. ती लहान असताना मी तिला धनुष्य करून दिलं होतं. पहिल्याच ओढीला ते कडाडकन मोडलं आणि ती दिवसभर रडली. आता असं धनुष्य करायचं, की दोनाचे चार दिवस झाले पाहिजेत!

धनुष्य ओढलं की त्याची बाहेरची बाजू ताणली जाते आणि तिथूनच ते तडकतं. म्हणून त्या बाजूला पातळ, चिवट पट्टीचं अस्तर चिकटवायचं. रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग हव्यात, गाठ एकही नको. वखारीत मी चाळीस फळ्या उलट्यासुलट्या केल्या.

"काका, फळी घेताय की जावई बघताय?" वखारवाला वैतागला.

"जावयात एखादी गाठ चालेल, यात नाही!"

हात हलवत घरी आलो आणि पाहतो तर काय, काखेत कळसा! लेकीच्या पलंगाला गादीखाली पाच लांब पट्ट्या. मधली तर काय देखणी! जुनं, मुरलेलं लाकूड, रेघा आखल्यासारख्या सरळ. पाचातली एक काढली तर कोणाला कळतंय?

रंधा मारून ती पातळ केली, गोंद धरावा म्हणून करवतीच्या पात्याने खरवडली, चिकटवली आणि सायकलच्या ट्यूबने करकचून बांधून दोन दिवस ठेवली.

"अहो, हे लाकूड कुठून आणलंत?" हिने विचारलं.

"आहे आपल्या ओळखीतलं!"

लेक आली. मी धनुष्य पाठीमागे लपवून दारात उभा.

"बाबा, आधी मला माझ्या पलंगावर पडू द्या! तिकडे रोज त्याचीच आठवण येते हो!"

"अगं, थांब थांब..."

धाडकन! गादी, लेक आणि उरलेल्या पट्ट्या, सगळं जमिनीवर! वर दिसत होते ते फक्त लेकीचे पाय.

ही धावत आली. तिने पलंग पाहिला, धनुष्य पाहिलं आणि मग मला पाहिलं.

"अहो, पोरीचा पलंग कापलात?"

"पलंग नाही गं, एकच पट्टी..."

लेक हसत हसत उठली. तिने धनुष्य घेतलं, पूर्ण ओढलं. मी डोळे मिटले.

"बाबा, मोडलं नाही! पण आता ही पट्टी सोडवून पलंगाला परत लावा."

"ती नाही सुटायची. जन्मात पहिल्यांदा माझं काम पक्कं झालंय."

"मग ऐका. पलंग दुरुस्त होऊन त्यावर एक झोप काढल्याशिवाय मी जाणार नाही. ऑफिसला कळवते, रजा वाढवून द्या म्हणून."

मला आनंदाने रडूच यायचं बाकी होतं! कारण आमचा सुतार. 'उद्या येतो' म्हणाला, की समजायचं वर्ष गेलं. दाराची कडी बसवायला त्याने चौदा महिने लावले होते. मी लगेच त्याला फोन केला.

"सवडीने ये रे. लेकीच्या पलंगाचं काम आहे, पण घाई अजिबात नाही!"

दहा मिनिटांत हजर!

"चार-आठ दिवस लागतीलच ना?" मी डोळा मारून विचारलं.

"छे हो, काका! हे काय, तासाभराचं काम!"

आणि खरंच तासाभरात केलं. लेक दुपारभर गाढ झोपली आणि दुसऱ्या दिवशी ठरलेल्या गाडीने गेली.

"ताई आल्यात म्हटल्यावर हातातलं काम टाकून आलो, काका," जाताना सुतार म्हणाला होता.

एवढा चांगला माणूस! मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.