आप्पांची अदलाबदल

आप्पा कुणालाही भेटले की आधी त्याच्या पोटऱ्यांकडे बघतात आणि मग तोंडाकडे. मागे आमच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याच्या दहाव्याला नदीकाठी सगळी मंडळी कावळ्याची वाट बघत उभी होती. आप्पा हळूच म्हाताऱ्याच्या नातवाजवळ सरकले. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "लय चांगलं मानूस गेलं." मग तोच हात खाली आणून त्याचा दंड चाचपत विचारलं, "वजन किती भरतंय रं तुझं? कोपऱ्यात खेळलायस का कवा?"

पोरगं रडायचं थांबलं. "न्हाई आप्पा, कबड्डी येत न्हाई मला."

"शिकवू की. तेरावं उरकून ये."

हे आमच्या राहू गावचे रंगनाथ आप्पा. शेतात शेवंती आणि झेंडू लावतात, आठवड्याला तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात नेऊन विकतात. गावच्या कबड्डी संघात ते नेमके कोण, हे कुणालाच सांगता येत नाही. प्रशिक्षक दुसरा आहे, कप्तान तिसरा आहे आणि सचिव मी आहे. माझं गावात औषधाचं दुकान आहे, पण सचिवपदासाठी माझी पात्रता एवढीच की माझ्याकडे चारचाकी आहे. आप्पांना कुणी नेमलेलं नाही, त्यामुळे काढायचं तरी कुणी?

आमच्या संघाचं दुखणं असं की सात गडी उत्तम आणि आठवा नाही. पोरं कारखान्यात कामाला, शिफ्ट कधी बदलेल सांगता येत नाही. एका यात्रेत उपांत्य सामन्याच्या ऐन वेळी उजव्या कोपऱ्याला कंपनीनं ओव्हरटाइमला थांबवून घेतलं. मग मंडपवाल्यालाच हाफ चड्डी घालून मैदानात उतरवावं लागलं. समोरचा चढाई करायला आला तसा हा गृहस्थ घाबरून आपणहून रेषेबाहेर जाऊन उभा राहिला. सामना गेलाच, वर गावभर हसं झालं. त्या दिवसापासून आप्पांनी राखीव गडी जमवण्याचं मनावर घेतलं.

"बाकावर कोन हाय?" हा त्यांचा एकच प्रश्न झाला, आणि तो त्यांनी कबड्डीपुरता ठेवला नाही. लग्नात भटजींना किंचित खोकला आला तर नवऱ्या मुलीच्या बापाला विचारायचे, "बाकावर कोन हाय?" सरपंचांच्या सत्काराला भर सभेत उठून म्हणाले, "ह्ये ठीक हाय, पर बाकावर कोन हाय?" उपसरपंच बराच वेळ खाली मान घालून हसत होते. मी रक्तदाबाची गोळी दिली तरी तेच.

नुसतं विचारून थांबणारा हा माणूस नव्हे. तळेगावच्या संघाचे सर्वेसर्वा गुलाबमामा. दर बाजारी आप्पा फुलं विकायच्या आधी त्यांच्याकडे जाऊन अदलाबदलीचा नवा प्रस्ताव ठेवत.

"मामा, तुमचा डावा कोपरा आम्हाला द्या. आमचा एक चढाईवाला घ्या, वर शेवंतीचं एक कॅरेट."

"आप्पा, त्यो माझा पुतन्या हाय."

"मग पुतन्या म्हनून द्या. आमच्याकडं काय उपाशी ऱ्हानार हाय का?"

मामा चहा पाजून वाटेला लावत. आप्पांना त्याचं काही वाटत नसे. पुढच्या बाजारी प्रस्ताव थोडा फिरवून पुन्हा हजर. मध्यंतरी त्यांनी गावातल्या एका मुलीला स्थळ सुचवलं. मुलगा काय करतो, शेती किती, यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. "पकड चांगली हाय पोराची. घरजावई व्हतोय का तेवढं इचारा," एवढीच शिफारस. अशा सगळ्या व्यवहारांत त्यांचं एक तत्त्व असायचं, आणि ते आम्हाला ऐकून ऐकून पाठ झालं होतं. गडी हा संघासाठी असतो, त्याच्यात जीव अडकवायचा नाही.

मग त्यांना पवन सापडला. शिक्रापूरला हायवेच्या कडेला आम्ही दोघं चहा पीत होतो. समोरून कंपनीच्या युनिफॉर्ममधला एक जण दोन ट्रकच्या मधून अंग चोरून असा काही निसटला, की आप्पांनी कप तसाच ठेवला आणि त्याच्या मागे धावले. पोरगा बिहारचा, गावाकडे कबड्डी खेळलेला. आमच्या स्पर्धेचा नियम असा की खेळाडू राहतो त्या गावाकडूनच खेळणार, आणि दुसऱ्या गावाला जायचं तर आधीच्या संघानं सोडलं पाहिजे. म्हणून आप्पांनी त्याला तिथल्या तिथे राहूला राहायचं आमंत्रण दिलं.

"तुम हमारे गाव में रहने का. खोली फुकट. खाना मैं बनाएगा. तुम खाली चढाई करने का."

"पहले तो हमको लगा, किडनी निकालेंगे," असं पवननं मला पुढे सांगितलं. पण शिक्रापूरच्या एका खोलीत गर्दीनं राहण्याला तो विटला होता. तो आला. काकू वारल्यापासून आप्पा घरात एकटेच. मुलगा बंगळूरला, मुलगी सासरी. मुलाची खोली पवनला मिळाली आणि आम्हाला आठवा गडी मिळाला. पवन इतका चांगला निघाला, की तो पहिल्या सातात गेला आणि दुसरा एक जण बाकावर आला.

आणि मग नवल घडलं. गुलाबमामांनीच निरोप धाडला. त्यांचे दोन पक्के गडी हंगामाला आमच्याकडच्या गुऱ्हाळावर कामाला होते, राहायलाही इथेच. पवन द्या आणि हे दोघे घ्या, असा प्रस्ताव. त्यातला एक तो पुतण्या, डावा कोपरा. आप्पा ज्याच्यासाठी इतकी वर्षं हेलपाटे घालत होते तेच चालून आलं होतं. आमची पोरं खूश.

आप्पा म्हणाले, "न्हाई जमायचं."

का, ते सांगेनात. पोरं चिडली. कप्तान माझ्या दुकानात येऊन तणतणून गेला. मलाही राग आला. आयुष्यभर लोकांचे पुतणे मागत फिरायचं आणि स्वतःवर आलं की नाही म्हणायचं, हा कुठला न्याय?

त्याच आठवड्यात पवन रात्रपाळी करून सकाळी परतताना भीमेच्या पुलाअलीकडे उसाच्या ट्रॉलीला चुकवायला गेला आणि मोटारसायकलसकट घसरला. गुडघा सोलला, बाकी निभावलं. मी पट्टी बांधत होतो तेव्हा आप्पा शेजारी उभे होते. एवढ्या लांबून रोज ये-जा, डोळ्यांवर झोप, रस्त्यावर ट्रॉल्या. तळेगावहून त्याची कंपनी हाकेच्या अंतरावर. आप्पा एकदाही त्याच्या पोटऱ्यांकडे बघत नव्हते. पट्टी झाल्यावर मला म्हणाले, "उद्या गाडी काढा. तळेगावला जायचंय."

बाजाराच्या गर्दीत गुलाबमामांच्या दुकानात बैठक बसली. मामा खुशीत होते. आप्पांनी आधी मामा पवनला राहायला देणार होते ती खोली बघून घेतली, नळाला पाणी येतं का ते उघडून पाहिलं, मग येऊन बसले. आता हा माणूस दोनाचे तीन गडी मागणार, असं मी धरूनच चाललो होतो. मामांनीही तेच धरलं असावं, कारण ते आधीच म्हणाले, "दोनच्या वर एक बी मिळनार न्हाई."

"दोन नकोत," आप्पा म्हणाले. "तुमचा पुतन्या द्या. दुसरा गडी तुम्हालाच ऱ्हाऊ द्या. त्येच्या बदल्यात पोराचा सुट्टीचा दिवस मला द्या."

मी आप्पांच्या मांडीला हात लावला. दुसऱ्या गड्यासाठी गावात काय काय ऐकून घ्यावं लागेल ते मला दिसत होतं. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"अवो, सुट्टीलाच तर आमचा सराव आसतो," मामा म्हणाले. "त्याच दिवशी न्हाई आला तर मी त्येला घेऊन करू काय?"

"म्हनून तर अख्खा गडी सोडतोय. फुकट न्हाई मागत."

"आन् तुम्ही काय करनार त्या दिवशी त्याला घेऊन?"

"काय करायचंय? सकाळी यील, जेवंल, झोपंल." बाहेर कुणीतरी वांग्यांचा भाव ओरडत होतं. "रातपाळी करून आला की दुपारी झोपतोय, मामा. मंग मला घरात दबकत चालावं लागतं. भांडं वाजू द्यायचं न्हाई, कडी हळू लावायची. बायको गेल्यापासनं मी घरात कसा बी चालत हुतो. कुनाची झोप मोडनार?"

मामांनी चहाचा कप खाली ठेवला, तोही आवाज न करता.

"घेऊन जा," ते म्हणाले. "सुट्टीचा दिवस तुमचा."