मागे वळलेला भूकंप

भूकंपांचा अभ्यास करणाऱ्या कुशिदांची विद्यापीठातली तात्पुरती नोकरी मार्चअखेर संपत होती आणि ती वाचवायला अगदी वेळेवर भूकंप झाला. कोबुनेहामा गावासमोर, समुद्राच्या तळाशी. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, त्यामुळे कुशिदांना मनापासून आनंद व्हायला हरकत नव्हती. लहरींचे आलेख मांडून त्यांनी शोध लावला की तळाखालची फट दक्षिणेकडे फाटत गेली, थांबली आणि चक्क मागे वळली! असं कुणी पाहिलंच नव्हतं. एरवी तोंडातून शब्द न काढणारे त्यांचे प्रोफेसर ओरिकासा म्हणाले, "परिषदेत मांड. कायमची जागा तुझी."

घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. मागे वळल्याची लहर फक्त कोबुनेहामाच्या भूकंपमापक यंत्रात उमटली होती. बाकीची यंत्रं मूग गिळून गप्प. "ती लांब आहेत," असं कुशिदा सगळ्यांना सांगत. पण परिषदेच्या आदल्या दिवशी खात्री करून घ्यायला त्यांनी सकाळच्या गाडीनं गाव गाठलं.

यंत्र तोमेआजींच्या परसातल्या सिमेंटच्या खोलीत होतं. कुशिदांनी कमरेत वाकून मिठाईचा डबा दिला, बूट काढले, दार उघडलं. आत मुळ्याच्या लोणच्याचा घमघमाट! यंत्राच्या चौथऱ्यावर दोन पिंपं, प्रत्येकावर एकेक धोंडा.

"आजी, हे काय?"

"लोणचं. खोली गार आहे ना! वजनानं पाणी सुटतं मुळ्याला. तुमची आई नाही घालत?"

"आणि भूकंपात हे धोंडे..."

"पडतात की! त्या दिवशीही आधी मोठा पडला, मग धाकटा. नशीब, तुमच्या यंत्रावर नाही पडले. मी लगेच सगळं पुसून घेतलं हो."

धाकट्या धोंड्याला कुशिदांनी शोधनिबंधात 'परतीचा दुसरा टप्पा' म्हटलं होतं, तेही ठळक अक्षरांत. त्यांनी लॅपटॉप यंत्राला जोडला. "आजी, मोठा जरा पाडता?"

"पाय सांभाळा," म्हणत आजींनी धोंडा ढकलला. धप्प! पडद्यावर तीच लहर. तसूभर फरक नाही.

"इथे पिंपं ठेवायला सांगितलं कुणी तुम्हाला?"

"ज्यानं खोली बांधली त्यानंच. अठ्ठावीस वर्षं झाली. ओरिकासा म्हणून काडीपैलवान पोरगा होता. म्हणाला, खुशाल ठेवा काकू. त्याच साली मोठा हादरा बसला, तेव्हाही पडले होते दोन्ही. मग तो आला, कागद बघितला आणि नाचलाच मेला इथे!"

कुशिदांनी लॅपटॉप मिटला. ओरिकासांचं जगभर नाव झालं होतं ते त्या सालच्या 'दुहेरी धक्क्या'मुळे! तोंड मिटलं तर नोकरी पक्की, गुरूची अब्रूही शाबूत. पण असल्याच अभ्यासावरून पुढे त्सुनामीच्या लाटांचे इशारे ठरतात, आणि आजींचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर होतं. गेली नोकरी, असं म्हणत त्यांनी ओरिकासांना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.



"सर? ऐकताय ना?"

"मोठा आधी पडतो?" सरांचा आवाज पार खोल गेला होता.

"हो सर."

"मग धाकटा?"

"हो."

मग सर म्हणाले, "उद्या दोघं व्यासपीठावर जाऊ. आहे ते सांगू आणि वाकून माफी मागू."

"तुम्ही कशाला, सर? आधी मी वाकतो."

"गप्प बस!" ओरिकासा खेकसले. "आधी मी. माझा धोंडा ज्येष्ठ आहे."