कदमकाका आणि खिडक्यांच्या भुवया

समोरच्या बी विंगमधले कदमकाका आमच्या दारात आले, चपला काढल्या आणि "कशी आहेस" वगैरे काही न विचारता थेट हॉलच्या खिडकीकडे बघून म्हणाले, "तुझ्या खिडकीला भुवया नाहीत गो!"

भुवया म्हणजे झालर. खिडकीच्या डोक्यावर ते वीतभर चुणीदार कापड लोंबतं ना, ती. "पडदा असूदे, नसूदे. पण भुवयांशिवाय तोंड कसं दिसतं? उकडलेल्या बटाट्यासारखं!"

माणूस रिटायर झाला की नातवंडं सांभाळतो, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतो. काका शिवायला बसले. मशीन खरं तर काकूंचं. आमच्या मुलुंडच्या अख्ख्या सोसायटीचे ब्लाऊज काकूंनी शिवलेत. मग त्या बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि पलंगालाच खिळल्या. मशीन गंजू नये म्हणून मी बसतो, असं काका सांगतात.

हात मात्र दिव्य! त्यांच्या झालरीचं एक टोक वरच्या मजल्याला निघालेलं, दुसरं तळमजल्याला. पण उत्साह काय विचारता! जुनी साडी, ओढणी, काहीही द्या. खिडकीच्या दुप्पट कापड, वर नेफा, नेफ्यात पडद्याची स्प्रिंग, की चुण्या आपोआप पडतात. "झकास!" हे स्वतःच म्हणायचं. शिलाई, एक कप चहा. आमच्या विंगमध्ये बघता बघता सगळ्यांना भुवया फुटल्या.

आमची झालर लागली आणि मी बघतच राहिले. पिवळीधमक सूर्यफुलं बाहेरच्या बाजूला, आणि फिकट उलटी बाजू, लोंबत्या दोऱ्यांसकट, घरात!

"काका, उलटी लावलीत."

"सुलटीच आहे. तोंड बाहेर."

"अहो, घरात आम्ही राहतो ना? बाहेरून कोण बघतंय, कबुतरं?"

"भुवया काय आतून लावतात?"

झालं! पण मीही ऐकणाऱ्यातली नाही. काका गेल्यावर स्टुलावर चढले आणि झालर फिरवली. हॉल कसा खुलला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बेल. काका. "एवढी सुलटी कर गो. हात जोडतो."

एका झालरीसाठी हात जोडतात? मला राग आला. "काका, घर माझं आहे!" म्हणाले मी, चांगलं तोंडावर. काका चहा न घेता गेले. कदमकाका आणि चहा नको! ते मात्र दिवसभर डाचत राहिलं.

संध्याकाळी डब्यात घावणे घेऊन मी बी विंगमध्ये गेले. काका औषधं आणायला गेले होते. काकू खिडकीशी पलंगावर पडलेल्या. "बस गो," म्हणाल्या आणि पुन्हा बाहेर बघायला लागल्या. त्यांच्या उशाशी बसून मीही बघितलं. तिथून ना रस्ता दिसतो, ना झाड. दिसते फक्त आमची विंग. मोर, कुयऱ्या, ठिपके, सगळ्या झालरी तोंड करून काकूंकडे बघत होत्या. एक माझी सोडून.

"सकाळी डोळे उघडले की आधी सगळ्यांची हजेरी घेते," काकू हसल्या. "ती तिसऱ्या मजल्यावरची कुयरी बघ, कशी तिरकी. ह्यांना सरळ शिवण कधी जमणार देव जाणे! आणि तुझी काल एवढी पिवळी होती, आज रंग गेला काय गो?"

"उलटी लागली काकू. वेंधळीच आहे मी."

घरी आले आणि पर्स ठेवायच्या आधी स्टुलावर चढले.

मग काकांना मीच बोलावलं. स्वयंपाकघराची खिडकीही त्यांच्याच बाजूला आहे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीची मोरपंखी साडी त्यांच्या हातात ठेवली. तिच्यावरचा ब्लाऊज काकूंनी शिवला होता.

"ही कापायची?" काका काठावरून हात फिरवत राहिले.

"कापा. काकू ओळखतील. आणि तोंड बाहेर हां!"

काका दोन कप चहा प्यायले.

झालर आली. वाकडीच, अर्थात! डावीकडे वीतभर, उजवीकडे चांगली दोन बोटं जास्त. काका गेल्यावर मी हातोडी घेतली, उजवीकडचा खिळा उपटला आणि दोन बोटं वर ठोकला. आता आतून सगळी स्प्रिंगच तिरकी दिसत होती. नवरा म्हणाला, "हे काय केलंस? आधीच उलटी, त्यात तिरपी!"

"गप रे," म्हटलं.

तेवढ्यात फोन वाजला. काकू.

"मोरपंखी ना गो ती? तुझी दिवाळीची?" त्यांचा आवाज केवढा तरी चढला होता. "आणि खालची कड बघितलीस? एकदम सरळ! शेवटी शिकवलं बघ मी ह्यांना!"