गाडीचा ताप

"चाळीस वर्षं वॉर्ड सांभाळलाय मी! चार चाकांचा एक पेशंट आठ दिवस सांभाळता येणार नाही?"

आत्याने असं म्हटलं की समोरच्याने गप्प बसायचं, हा घरातला जुना रिवाज होता. हेडनर्स म्हणून निवृत्त होऊन तिला सात वर्षं झाली होती, पण आवाज निवृत्त झाला नव्हता. धाकट्या भावाने गाडीची किल्ली तिच्या हातात ठेवली.

"ताई, फक्त इंजिनचं तेल आणि कूलंट बघत जा. शुक्रवारी पोरीची लायसन्सची परीक्षा आहे. दोनदा नापास झालीय. या वेळी पास झाली नाही, तर ठरलेली नोकरी हातची जाईल."

भाऊ आणि वहिनी सोमवारी दुपारी गावाला गेले. संध्याकाळी भाची सरावाला निघाली, शेजारी आत्या. चौकातून वळसा घेऊन दोघी घरी परतल्या आणि आत्याचं लक्ष काचेमागच्या काट्याकडे गेलं.

"हा काटा कसला गं?"

"इंजिनच्या तापमानाचा. नव्वदवर आहे."

"नव्वद? मग गारठलीय की!"

"आत्या, सेल्सिअस आहे ते."

आत्याने बोटांवर फॅरनहाइटचा हिशेब केला आणि तिचे डोळे पांढरे झाले. "म्हणजे एकशे चौऱ्याण्णव! अगं, एकशे सहाला माणसं पूर्वजांशी गप्पा मारायला लागतात! बंद कर आधी!"

इंजिन बंद झालं त्या क्षणी आत्याने बॉनेट उघडायला लावलं.

"आता मला सांग, तेल कशाला आणि कूलंट कशाला?"

"तेलामुळे आतले भाग एकमेकांवर घासत नाहीत. आणि कूलंट इंजिनभर फिरून उष्णता बाहेर काढतं."

"कळलं. एक रक्त, एक सलाईन!"

तिने तेल मोजायची पट्टी लगेच उपसून पाहिली. तेल खालच्या खुणेच्याही खाली! "अॅनिमिया," असं म्हणून तिने फडताळातल्या डब्यातलं पावणेचारशे मिली तेल मापाच्या पेल्याने मोजून ओतलं. कूलंटची टाकी दोन रेघांच्या मधोमध भरलेली होती. अर्धपोटी पेशंट आत्याला कधीच खपला नाही. इंजिन निवल्यावर तिने टाकी गळ्यापर्यंत भरली.

मग तक्ता हवा. आत्याचा तक्त्याशिवाय कोणावर विश्वास नव्हता, देवावरसुद्धा नाही. गाडीच्या पुढच्या खणात एक चांगलं जाड पुस्तक सापडलं. त्यावर कागद ठेवून तिने रकाने आखले: वेळ, ताप, आत किती गेलं, बाहेर किती आलं.

मंगळवारी सराव झाल्यावर गाडीखाली हिरवं थारोळं!

"उलटी!" आत्या ओरडली. तिने गाडीखाली जुनं पातेलं सरकवलं. बुधवारी त्यात बरोबर दोनशे मिली जमलं. इंजिन निवल्यावर तिने तेवढंच ताजं कूलंट टाकीत ओतलं. जेवढं बाहेर, तेवढं आत! ही शिस्त तिने डॉक्टरांनासुद्धा मोडू दिली नव्हती. आणि रोज इंजिन बंद केल्याबरोबर पट्टी उपसली की तेल कमीच दिसे. मग रोज तेलाचाही डोस.

बॉनेटवर ओल्या टॉवेलच्या घड्या आल्या. दर पंधरा मिनिटांनी बदलायच्या. शेजारचा शिंपी कुंपणावरून म्हणाला, "सिस्टर, कपडे वाळत घालायला दोरी देऊ का?"

"हळू बोला. पेशंट झोपलाय!"

गुरुवारी संध्याकाळी भावाचा फोन आला.

"ताई, सगळं ठीक ना?"

"ताप काही उतरत नाही बघ. आज पुन्हा हिरवं ओकली. मी कपाळावर घड्या ठेवतेय."

"अरे देवा! आता कशी आहे?"

"आता निपचित पडलीय. अंग गार लागतंय," आत्या समाधानाने म्हणाली, आणि घडी बदलायची वेळ झाली म्हणून तिने फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता भाचीने गाडी सुरू केली आणि मागून निळसर पांढऱ्या धुराचा लोट उठला. अंगण दिसेना, शिंपी दिसेना.

"आत्या, अकराला परीक्षा आहे माझी!"

"रडू नकोस. तज्ज्ञाला बोलाव."

कोपऱ्यावरचा मेकॅनिक धावत आला. आत्याने त्याला धुरातही ओळखलं. "खाट नंबर अकरा! अपेंडिक्स! सुई पाहून पलंगाखाली लपला होतास."

मेकॅनिकने कानाला हात लावला आणि बॉनेटखाली डोकं घातलं. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. भाऊ आणि वहिनी उतरले ते रडतच.

"कुठंय माझी पोर?" वहिनी ओरडली.

धुरातून पोर खोकत बाहेर आली. वहिनीने तिला असं कवटाळलं की पोरीला आता खरंच श्वास मिळेना.

"हिला काय झालंय? मी गाडीबद्दल बोलत होते!" आत्या म्हणाली.

मेकॅनिकने तोवर तक्ता हातात घेतला होता. वाचता वाचता त्याच्या मिशा थरथरू लागल्या. "सिस्टर, काटा नव्वदवर म्हणजे इंजिनची तब्येत ठणठणीत. टाकीत वर जागा सोडतात, कारण गरम झालं की कूलंट फुगतं. आणि तेल मोजायचं ते गाडी सपाट जागी दहा मिनिटं थांबल्यावर. आधी ते वरच असतं, खाली उतरायला वेळ लागतो."

"मग आजार काय?"

"अजीर्ण! जास्तीचं तेल जळतंय, त्याचा हा धूर. अपेंडिक्सच्या वेळी मला दोन दिवस पाण्याचा थेंब दिला नव्हता तुम्ही. आणि हिला चार दिवसांत दीड लिटर तेल पाजलंत!"

मात्र तक्त्यात थेंबाथेंबाची नोंद होती. त्यामुळे अंदाज बांधत बसावं लागलं नाही. त्याने बरोबर दीड लिटर तेल काढलं, टाकी रेघेवर आणली, पट्टी तपासली. काही वेळ इंजिन चालवल्यावर धूर विरला. अकराला पाच कमी असताना मेकॅनिकला शेजारी बसवून भाची परीक्षेच्या मैदानात पोचली, आणि बाराला पास होऊन परतली!

आत्याने तक्त्यावर लिहिलं, 'पेशंट बरा. घरी सोडला.' मग फणकाऱ्याने म्हणाली, "पण हे काट्याचं, रेघांचं, पट्टीचं आधी कुणी सांगायला नको?"

"सगळं लिहिलेलं असतं, सिस्टर. गाडीबरोबर पुस्तक मिळतं."

"कुठलं पुस्तक?"

मेकॅनिकने तिच्या मांडीकडे बोट दाखवलं. तक्त्याच्या कागदाखालून त्या जाड पुस्तकाचा कोपरा डोकावत होता.