मालकाशी थेट बोला

नाना मंडलिकांचा बंगला सुटीसाठी भाड्याने हवा असेल, तर पाहुण्यांना बरोबर एक म्हातारे माणूस आणावे लागे. ही अट जाहिरातीत नसे. ती फोनवर सांगितली जाई, आणि ती सांगण्याचे काम, का कोण जाणे, माझ्याकडे आले होते.

नाना नाशिकला आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर एकटे राहत. मूळचे मखमलाबादच्या फुलमळेवाल्या घरातले; पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांनी त्र्यंबक रस्त्याला, अंजनेरीच्या पायथ्याशी एक टुमदार बंगला बांधला आणि मुंबईच्या वर्तमानपत्रात छोटीशी जाहिरात दिली : ‘सुटीसाठी निवांत बंगला. दलाल नाही. मालकाशी थेट बोला.’ खाली दूरध्वनीचा क्रमांक होता, तो माझा. नव्वदचे दशक नुकतेच सुरू झाले होते आणि नानांचा फोनचा अर्ज अजून रांगेत होता.

“मधला माणूस मला चालत नाही, सर,” नाना मला सांगत. “मधला माणूस आला की घराचं लॉज होतं.” हे सांगताना ते माझ्याच खुर्चीत, माझ्याच फोनशेजारी बसलेले असत, आणि फोन वाजला की म्हणत, “घ्या तुम्ही. तुमचं बोलणं शुद्ध आहे.”

मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवीत असे. वर्गाबाहेर अनोळखी माणसाशी चार वाक्ये बोलायची म्हटली, तरी मला घाम फुटतो. अशा माणसाने मुलुंडच्या एखाद्या गृहस्थाला विचारायचे, “आपल्याबरोबर वृद्ध कोणी आहे का?”

“वृद्ध? का हो, पायऱ्या जास्त आहेत का?”

“नाही, पायऱ्या नाहीत.”

“मग?”

मी नानांकडे पाही. नाना हातानेच खूण करीत : नसलं तर नाही म्हणा.

“नसल्यास बंगला रिकामा नाही,” मी म्हणे.

“आणि असल्यास?”

“असल्यास... आहे.”

माझी पत्नी सुमन स्वयंपाकघरातून म्हणे, “जन्मभर तर्कशास्त्र शिकवलंत, त्याचं हे चीज झालं.”

नानांचे म्हणणे असे, की घरात म्हातारे माणूस असले म्हणजे तरणी माणसे मर्यादेत राहतात आणि पिशवीतली बाटली पिशवीतच राहते. पुढे या अटीचा बोभाटा झाला आणि लोक म्हातारी माणसे उसनी आणू लागले. ठाण्याहून आलेल्या चार मित्रांनी एक आजोबा आणले. नानांनी आजोबांचे नाव विचारले, तेव्हा चौघांनी चार नावे सांगितली. त्यातून संध्याकाळी बाटली काढली ती आजोबांनीच. तिकडून येणाऱ्या दूधवाल्याकडून सकाळी हे ऐकून मी हादरलो. आता नाना त्यांना बाहेर काढणार आणि मुंबईहून येणारा संतापाचा फोन मला घ्यावा लागणार, अशी मी मनाची तयारी केली. पण नाना दुसऱ्या दिवशी परतले ते खुशीत. आजोबांशी पत्ते खेळण्यात त्यांचा वेळ फार छान गेला होता.

“नाना, त्यांनी तुम्हाला सरळसरळ फसवलं.”

“नातं खोटं होतं सर,” नाना म्हणाले, “पण म्हातारा खरा होता.”

यावरून सुज्ञ वाचकांच्या ध्यानात आले असेल, की पाहुणे बंगल्यात असताना नानाही तिथेच असत. मागच्या बाजूला पाण्याच्या मोटारीची खोली होती, तिथे त्यांनी खाट टाकली होती. सुमन म्हणे, जाहिरातीत ‘मालकासह’ हा शब्द घालायला हवा. सकाळी पाहुणे डोळे चोळीत व्हरांड्यात येत, तो नाना गवती चहाचे पातेले घेऊन हजर. मग विचारपूस. झोप लागली का? डास चावले का? आजींचे गुडघे कसे आहेत? पोट साफ झाले का? हा शेवटचा प्रश्न ते नव्या सुनांनाही विचारीत. एकदा माझ्यासमोर विचारला, तेव्हा ती बिचारी आणि मी, दोघेही अंजनेरीच्या डोंगराकडे टक लावून पाहत राहिलो.

पाहुणे गेल्यावर मला फोन येत. “बंगला उत्तम आहे हो. पण ते गृहस्थ जातात कधी?”

“विचारून सांगतो,” मी म्हणे. मी कधी विचारले नाही. विचारायची हिंमत झाली असती, तर पहिल्याच वर्षी जाहिरातीतला आकडा बदलून घेतला नसता का? पुढे नानांना स्वतःचा फोन मिळाला, तरी आकडा माझाच राहिला.

या सगळ्यावर कळस होता तो ओटीचा. “माझ्या घरातून सवाष्ण रिकाम्या ओटीनं जायची नाही,” असा नानांचा दंडक होता. नाना विधुर, ओटी भरणार कोण? मग रविवारी सकाळी पाहुण्यांचा चहा आटोपून नाना आम्हाला न्यायला येत. लूनावरून ते पुढे, हँडलला नारळ-तांदळाची पिशवी. आणि मागे माझ्या स्कूटरवर पाठीशी सुमन. भाडे देऊन आलेल्या परक्या बायकांच्या ओट्या भरायला आम्ही सातपूर, महिरावणी ओलांडून जात असू.

“मी काय ओट्या भरायचं कंत्राट घेतलंय?” सुमन करवादे.

“वहिनी, तुमचा हात लागला की घराला बरं वाटतं,” नाना म्हणत. सुमन विरघळे. मी मात्र फाटकापाशीच स्कूटर पुसत थांबे.

मालेगावचे एक यंत्रमागवाले कुटुंब आले होते. त्यांच्यातल्या थोरल्या सूनबाईंच्या हाती नानांनी नारळ ठेवला, तर त्यांनी तो अदबीने परत केला. “ये हमारा नहीं है, भाईसाब. हमारा सब सामान गाडी में रख दिया.” नानांनी पुन्हा दिला, त्यांनी पुन्हा परत केला. आपण दुसऱ्याची वस्तू नेत नाही, हे त्या प्रामाणिक बाईंना सिद्ध करायचे होते. शेवटी त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, “ले ले बेटी, घर की निशानी है.” नाना दिवसभर ते वाक्य घोळवत होते.

असे दिवस चालले होते. आणि मग डोंबिवलीच्या दोघी बहिणी आल्या.

बरोबर त्यांची आई होती, म्हणजे अट पुरी झालेली. नानांनी दोन्ही दिवस त्या माउलींशी मनसोक्त गप्पा मारल्या. निघायच्या वेळी बॅगा उचलू लागायला त्या दिवशी मीही व्हरांड्यात होतो. सुमनने थोरल्या बहिणीची ओटी भरली आणि ती धाकटीकडे वळली. धाकटीच्या कपाळावर टिकली होती, गळ्यात बारीक साखळी. तिने ओढणी पुढे धरली. सुमनने नारळ ठेवला, तांदळाची ओंजळ घातली, तेवढ्यात आईने तोंड भिंतीकडे फिरवले. थोरलीने सुमनचे मनगट धरले आणि हलकेच म्हणाली, “वहिनी, नको. हिचे यजमान पावसाळ्यात गेले.”

सुमनचा हात तसाच राहिला. धाकटी म्हणाली, “असू दे ताई. भरली ना आता.” तिने ओढणीची टोके घट्ट धरायचा प्रयत्न केला, पण तांदूळ एका बाजूने जमिनीवर सांडत राहिले. वाकून ते गोळा करावेत की करू नयेत, हे कोणालाच कळेना. नाना दारात उभे होते. त्यांचा चेहरा मी तेवढ्यापुरता पाहिला, आणि पुन्हा पाहू शकलो नाही.

गाडी गेल्यावर सुमन पडवीत बसून रडली. नाना व्हरांड्याच्या खांबाला टेकले होते. “सगळं विचारलं मी,” ते म्हणाले. “गुडघे विचारले, झोप विचारली. हेच नाही विचारलं.” मग, माझ्याकडे न बघता : “वास्तुशांतीला मी कमरेला सुपारी खोचून बसलो होतो, सर. बायकोच्या जागी सुपारी. हिनं पाया खणलेला पाहिला फक्त. म्हणून वाटायचं, घरात आलेलं बाईमाणूस...” मी फाटकापाशी गेलो आणि स्कूटरला किक मारली.

नानांनी जाहिरात बंद केली. तोवर त्या रस्त्याला बरेच बंगले उठले होते, आणि ते सांभाळून भाड्याने देणारी एक कंपनीही निघाली होती. तिच्या माणसाला नानांनी पूर्वी चहासुद्धा न विचारता वाटेला लावले होते. आता त्यांनी स्वतः त्याला बोलावले. बैठक माझ्या घरी झाली. तो टापटीप गृहस्थ म्हणाला, “काका, निश्चिंत राहा. तुम्हाला गेस्टचं तोंडसुद्धा बघावं लागणार नाही.”

“बरं होईल,” नाना म्हणाले.

“फक्त एक आहे. गेस्ट असताना मालकांनी तिकडे यायचं नाही. लोकांना ते अवघड होतं.”

“होतं खरं,” नाना म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी चहाच्या कपात पाहिले.

मोटारीच्या खोलीत जनरेटर बसला. वृद्धांची अट गेली. माझा फोन गप्प झाला. मला हायसे वाटले, आणि हायसे वाटल्याचे कोणाला दिसू नये म्हणून मी जिन्यात नानांना टाळू लागलो.

एका रविवारी त्यांनीच मला गाठले. लूना त्यांच्याच्याने आता होत नव्हती. “सर, आंब्याची कलमं लावली होती. जगली का बघून येऊ. बाहेरूनच हो, बाहेरूनच.”

आम्ही रस्त्याच्या पलीकडे, वडाखाली स्कूटर उभी केली. बंगल्यातून एक कुटुंब निघत होते. देखभालीला ठेवलेली बाई गादीवरच्या चादरी आणि टॉवेल तपासून घेत होती. तिने मान हलवली, पाहुणे गाडीत बसले, फाटक उघडले. निरोप असा काही झाला नाही. नाना कलमांकडे पाहत नव्हते.

गाडी रस्त्यावर येऊन आमच्याजवळच थांबली. काच खाली झाली. आत पुढच्या सीटवर एक तरुण बाई, मांडीवर पेंगुळलेले मूल.

“काका, मुंबईला जायला नाशकात शिरावंच लागतं का?”

“कशाला शिरता?” नाना खिडकीपाशी गेले. “पुढून डावीकडे पहिन्याचा रस्ता धरा. थेट घोटीला निघाल. घाटात सावकाश हं, लेकरू आहे. त्याला पाणी पाजलंत का?”

“हो, आत्ताच.” बाई हसली. “तुम्ही इथलेच का?”

नाना गाडीच्या छतावर हात ठेवून उभे होते.

“नाही, नाही. आम्ही आपले सहज आलो होतो.”

“हा बंगला कुणाचा आहे, माहीत आहे का हो? फार छान आहे. दोन दिवस बाळ रडलं म्हणून नाही. आम्हाला मालकांना सांगायचं होतं, पण तिथं कुणी भेटलंच नाही.”

“मालक इथं राहत नाहीत,” नाना म्हणाले. “पण ओळखीचे आहेत. सांगतो मी त्यांना.”

गाडी वळणाआड गेली. नाना मागे येऊन बसले आणि मी स्कूटर नाशिककडे वळवली. मला काहीतरी बोलायचे होते. नेहमीप्रमाणे मी वाक्य जुळवत राहिलो. महिरावणी गेले. सातपूरच्या कारखान्यांच्या भिंती सुरू झाल्या. तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून, वाऱ्यात ऐकू यावे म्हणून कानाशी वाकून, नाना म्हणाले :

“बाळ दोन दिवस रडलं नाही म्हणे, सर.”